हिरालाल सेन : चाळीस फिल्म आणि एक आग

प्रश्न असा आला आहे : बंगालमध्ये हिरालाल सेन यांनी १९०३ मध्येच ‘आलिबाबा’ कॅमेऱ्यात पकडला होता, तर ‘पहिला भारतीय चित्रपट’ हा मान १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’ला कसा मिळतो? आणि हा माणूस एवढा मोठा होता, तर आपण त्याचं नाव का ऐकलेलं नाही?

आधी थोडक्यात सांगतो. फाळक्यांचा मान खरा आहे आणि सेन यांच्यामुळे तो कमी होत नाही. सेन यांचं नाव आपल्यापर्यंत आलं नाही, कारण त्यांनी घेतलेल्या चाळीसेक फिल्मपैकी एक फूटभरही आज कुणाच्या हातात नाही. सगळं १९१७ च्या ऑक्टोबरमध्ये एका आगीत गेलं. जुनी फिल्म तपासणं, साफ करणं, तिची प्रत काढण्याइतपत तिला उभी करणं हे माझं सत्तावीस वर्षांचं काम आहे. त्यामुळे मला हिरालाल आधी भेटले ते त्या आगीतून. त्यांचं आयुष्य मी नंतर वाचत गेलो, आणि वाचलं तेव्हापासून हा माणूस माझ्या मनातून गेलेला नाही. म्हणून उत्तर लांबणार आहे.

हिरालाल मूळचे पूर्व बंगालमधल्या माणिकगंजजवळच्या बागजुरी गावचे. आता तो भाग बांगलादेशात आहे. घर जमीनदारांचं, वडील चंद्रमोहन सेन वकील. बंगाली साहित्याचा इतिहास लिहिणारे दिनेशचंद्र सेन याच गावात जन्मले आणि नात्याने हिरालाल यांचे भाऊ लागत. कुटुंब कलकत्त्याला आलं आणि तिथे हिरालाल यांना छायाचित्रणाचं वेड लागलं. वेड असं, की धाकटा भाऊ मोतीलाल याला बरोबर घेऊन त्यांनी फोटोचा व्यवसायच थाटला.

इथे क्षणभर थांबायला हवं. आपल्याकडे मुंबईत १८९९ मध्ये हँगिंग गार्डनवर कुस्तीची फिल्म घेणारे सावेदादा, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, हे छायाचित्रकार होते. दादासाहेब फाळके यांनीही गोध्र्याला फोटो स्टुडिओ चालवला होता. आणि हे हिरालाल. तिघांचेही हात आधी काचेच्या प्लेट, रसायनं आणि अंधाऱ्या खोलीत तयार झालेले. हलत्या चित्राकडे जत्रेतला चमत्कार म्हणून बघणारे हजारो होते. प्रकाश रसायनावर काय करतो हे ज्यांना ठाऊक होतं, त्यांनी ते यंत्र उघडून पाहिलं.

हिरालाल यांच्या बाबतीत ती संधी १८९८ मध्ये आली. प्रोफेसर स्टीव्हन्सन नावाचा एक फिरता खेळवाला कलकत्त्याच्या स्टार थिएटरमध्ये हलती चित्रं दाखवत होता. त्याच कार्यक्रमात ‘द फ्लॉवर ऑफ पर्शिया’ नावाचा रंगमंचीय खेळही होता. हिरालाल यांनी स्टीव्हन्सनचा कॅमेरा मिळवला आणि त्या खेळातली नृत्यं चित्रित केली. पुढे लंडनच्या वॉरविक ट्रेडिंग कंपनीकडून चार्ल्स अर्बनचं बायोस्कोप यंत्र मागवलं आणि मोतीलालबरोबर रॉयल बायोस्कोप कंपनी काढली. ल्युमिएर बंधूंचा खेळ मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ ला झाला होता. म्हणजे हलतं चित्र या देशात येऊन दोन वर्षं होतात न होतात तोच एक बंगाली माणूस त्याचा धंदा करायला उभा राहिला.

त्या काळी खेळ दाखवणं म्हणजे काय होतं, हे आजच्या प्रेक्षकाला सांगून पटत नाही. कलकत्त्यात वीजपुरवठा सुरू झाला १८९९ मध्ये, आणि तोही मोजक्या भागात. त्याआधी आणि गावोगावी त्यानंतरही चुन्याच्या गोळ्यावर ऑक्सिजन-हायड्रोजनची ज्योत धरून प्रखर उजेड पाडत. तो उजेड भिंगातून एका बिंदूवर आणला, की त्यासमोरून फिल्म सरकत जायची. हात थांबला, फिल्म अडकली, की तीन-चार सेकंदांत त्या चौकटीला भोक पडून पेट घ्यायचा. सुरुवातीच्या कित्येक यंत्रांना खालचं गुंडाळणारं रीळ नसे. फिल्म सरळ टोपलीत किंवा कापडी पिशवीत पडत जाई. म्हणजे पेटलेल्या दिव्याखाली पेट घेणाऱ्या पदार्थाचा ढीग. जमीनदारांच्या वाड्यांत, लग्नसमारंभांत, तंबूंत हा खेळ घेऊन सेन बंधू फिरले. बंगालच्या दमट उकाड्यात त्या यंत्राजवळ उभं राहायला केवढी छाती लागत असेल, याचा अंदाज मला थोडाफार येतो. हाताने फिरवायचा जुना कॅमेरा मी चालवला आहे. हँडलच्या एका फेऱ्याला आठ चौकटी, सेकंदाला दोन फेरे, म्हणजे सोळा चौकटी. मनात ताल धरावा लागतो. पहिल्या मिनिटाला मजा वाटते, तिसऱ्या मिनिटाला खांदा बोलायला लागतो, आणि खांदा बोलला की ताल ढळतो. ताल ढळला की पडद्यावरची माणसं धावायला लागतात.

रॉयल बायोस्कोपचं खरं घर झालं ते अमरेंद्रनाथ दत्त यांचं क्लासिक थिएटर. अमरेंद्रनाथ हे त्या काळचे बंगाली रंगभूमीवरचे लोकप्रिय नट आणि धडाडीचे चालक. प्रेक्षकाला नाटकाबरोबर आणखी काय देता येईल, याचा त्यांना सतत ध्यास. नाटकाच्या जोडीला हलती चित्रं दाखवायची कल्पना त्यांना रुचली आणि १९०१ पासून हिरालाल यांनी क्लासिकच्याच नाटकांतले प्रवेश चित्रित करायला घेतले : बंकिमचंद्रांच्या कथांवरची ‘भ्रमर’ आणि ‘सीताराम’, शिवाय ‘सरला’, ‘बुद्ध’, ‘दोललीला’, आणि ‘हॅम्लेट’वरून बेतलेलं ‘हरिराज’. जे नट प्रेक्षकाने आत्ताच रंगमंचावर बघितले, तेच पांढऱ्या पडद्यावर, आवाज नसलेले, पुन्हा हलताना दिसायचे. परदेशातून आलेल्या रिळांत गाड्या, लाटा, गोरे शिपाई असायचे. इथे आपली माणसं होती, आपल्या कथेत. हिंदुस्थानी प्रेक्षकाला पडद्यावर आपला माणूस दाखवण्याचं काम इतक्या सातत्याने आणि इतक्या लवकर करणारा दुसरा कुणी मला माहीत नाही.

तांत्रिक अंगाने एक गोष्ट सांगतो, कारण ती पुस्तकांत सहसा येत नाही. त्या काळची फिल्म निळा प्रकाश चटकन टिपायची आणि लाल तिला जवळजवळ दिसतच नसे. लाल कुंकू काळं यायचं. अळत्याने लाल रंगवलेले पाय काळे यायचे. आकाश कोरं पांढरं. शिवाय तिची एकूण संवेदनशीलता इतकी कमी, की नाट्यगृहाच्या दिव्यांत तिच्यावर काही उमटणं कठीण. असं चित्रण करायचं तर दिवसाउजेडी, उघड्यावर करावं लागे. म्हणजे रात्री दिव्यांत वावरणारी नटमंडळी रंगरंगोटी करून भर उन्हात आणायची, रंगमंचाची हालचाल कॅमेऱ्याच्या चौकटीत बसवायची, आणि रीळ संपायच्या आत प्रवेश आटपायचा. तेव्हा ‘नुसतं नाटकाचं चित्रीकरण’ असं म्हणून बाजूला टाकण्याइतकं हे सोपं नव्हतं.

आता ‘आलिबाबा’कडे येऊ.

क्षीरोदप्रसाद विद्याविनोद यांचं हे संगीत नाटक क्लासिकवर तुफान चाललं होतं. मर्जिना करायच्या कुसुमकुमारी, अब्दल्ला करायचे नृपेंद्रचंद्र बसू. त्या दोघांच्या नाच-गाण्यावर कलकत्ता फिदा होतं. हिरालाल यांनी १९०३ मध्ये हे नाटक चित्रित केलं, आणि ते सुटे प्रवेश न राहता सलग मोठी फिल्म झाली असं सांगितलं जातं. काही ठिकाणी तर ती दोन तासांची असल्याचं लिहिलेलं आढळेल.

इथे मी माझा हिशेब मांडतो. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्ममध्ये एका फुटाला सोळा चौकटी बसतात. सेकंदाला सोळा चौकटींचा वेग धरला तर एका सेकंदाला बरोबर एक फूट. दोन तास म्हणजे ७,२०० सेकंद, म्हणजे ७,२०० फूट. त्याच १९०३ मध्ये अमेरिकेत गाजलेला ‘द ग्रेट ट्रेन रॉबरी’ ७४० फुटांच्या आसपास होता. जगातला पहिला पूर्ण लांबीचा कथापट म्हणून ज्याचं नाव घेतात, तो १९०६ चा ऑस्ट्रेलियन ‘द स्टोरी ऑफ द केली गँग’ साधारण ४,००० फुटांचा. आपला ‘राजा हरिश्चंद्र’ ३,७०० फूट. त्या हिशेबाने ७,२०० फूट लांबीची फिल्म १९०३ मध्ये कलकत्त्यात झाली, तिची कच्ची फिल्म परदेशातून आली, धुतली गेली आणि सलग दाखवली गेली, हे मला पटत नाही. माझ्या मते ‘आलिबाबा’ ही बऱ्याच प्रवेशांची मालिका होती, एरवीच्या तुकड्यांपेक्षा नक्कीच मोठी. पण दोन तासांचा आकडा सेन यांच्या प्रेमापोटी फुगला असावा. असं म्हटल्याने त्यांचं काम लहान होत नाही. १९०३ मध्ये एका पूर्ण नाटकाचे प्रवेश क्रमाने चित्रित करायची कल्पना सुचणं हेच थोर आहे.

मग पहिला चित्रपट कोणाचा? हा वाद आपल्या मराठी मुलखात आधीच घडून गेला आहे, म्हणून त्याचं उत्तर आपल्याला जवळ आहे. दादासाहेब तोरणे यांचा ‘श्री पुंडलिक’ १८ मे १९१२ ला गिरगावच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला, म्हणजे ‘राजा हरिश्चंद्र’च्या जवळजवळ वर्षभर आधी. तरी त्याला पहिला मान दिला जात नाही, कारण ते नाटकाचं चित्रीकरण होतं, कॅमेरा चालवणारा माणूस इंग्रज होता आणि फिल्म धुण्यासाठी लंडनला गेली होती. फाळक्यांनी पटकथा लिहिण्यापासून फिल्मला भोकं पाडण्यापर्यंत आणि ती धुण्यापर्यंत सगळं इथे, स्वतःच्या घरात केलं, आणि कथा रंगमंचासाठी नाही तर पडद्यासाठी रचली. हाच गज ‘आलिबाबा’ला लावला तर उत्तर तेच येतं. पण गज बदला. हिंदुस्थानात सलग पंधरा वर्षं, स्वतःच्या कंपनीतर्फे, स्वतःच्या कॅमेऱ्याने फिल्म काढून लोकांना दाखवणारा पहिला माणूस कोण, असं विचारा. तिथे हिरालाल सेन यांच्या जवळपास कुणी नाही. सावेदादांनी थोड्याच फिल्म घेतल्या आणि पुढे कॅमेरा विकून ते त्यातून बाजूला झाले.

आणखी एका बाबतीत हिरालाल फाळक्यांच्या दहा वर्षं पुढे होते आणि त्याचं श्रेय बंगाली रंगभूमीला आहे. तारामतीच्या भूमिकेसाठी फाळक्यांना बाई मिळेना, अगदी वेश्यावस्तीत जाऊनही मिळेना, आणि शेवटी ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहातल्या साळुंके नावाच्या आचाऱ्याला त्यांनी साडी नेसवली, ही गोष्ट आपण सगळे ऐकत आलो. आपल्या रंगभूमीवर पुरुषच स्त्री व्हायचा. बालगंधर्वांचा काळ तो. बंगाली व्यावसायिक रंगभूमीवर मात्र १८७३ मध्ये बेंगॉल थिएटरने बायकांना घेतलं होतं. त्या बहुतेक गणिकांच्या वस्तीतून आलेल्या, आणि भद्र समाजाने त्यांना घरात कधी घेतलं नाही. पण त्यांच्यामुळे बंगाली रंगमंचाला विनोदिनी दासी मिळाली, कुसुमकुमारी मिळाली. त्यामुळे हिरालाल यांनी कॅमेरा लावला तेव्हा समोर मर्जिना म्हणून एक बाईच नाचत होती. पडद्यावर दिसलेल्या पहिल्या हिंदुस्थानी अभिनेत्रींमध्ये कुसुमकुमारींचं नाव यायला हवं, आणि ते येत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. त्यांचं हलतं चित्र जळून गेलं, आणि त्याबरोबर त्यांचा हक्कही गेला.

हिरालाल नाटकापाशी थांबले नाहीत. त्यांनी जाहिरातीच्या फिल्म केल्या : सी. के. सेन यांच्या जबाकुसुम केशतेलाची, आणि बटकृष्ण पाल यांच्या एडवर्ड्स टॉनिक या हिवतापावरच्या औषधाची. बंगालमध्ये त्या काळी मलेरियाने गावंच्या गावं खंगत होती, तेव्हा ते औषध घराघरांत होतं. विकायच्या मालासाठी हलतं चित्र वापरायचं, हे या देशात त्यांच्याआधी कुणी केल्याचा दाखला नाही.

आणि मग १९०५. माझ्या दृष्टीने त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम हे.

लॉर्ड कर्झनने बंगालची फाळणी जाहीर केली. ७ ऑगस्टला कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये बहिष्काराचा ठराव झाला आणि शहर रस्त्यावर आलं. २२ सप्टेंबरला टाउन हॉलवर फाळणीविरोधी प्रचंड सभा भरली. तिथे हिरालाल कॅमेरा घेऊन गेले आणि ती सभा त्यांनी टिपली. नंतर ती फिल्म दाखवली गेली ती अस्सल स्वदेशी फिल्म अशी जाहिरात करून, आणि खेळाचा शेवट व्हायचा ‘वंदे मातरम्’ने.

जरा डोळ्यांसमोर आणा. तोवर सरकारी मिरवणुका, दरबार, लाटसाहेबांचं आगमन हेच ‘बातमी’ म्हणून पडद्यावर येत होतं. इथे सरकारविरुद्ध जमलेली माणसं पडद्यावर आली, आणि ती बघायला तीच माणसं तिकीट काढून आत बसली. स्वतःचाच जमाव स्वतः बघणं. आपण किती आहोत हे त्यांना पहिल्यांदा कळलं असेल. कच्ची फिल्म परदेशातून यायची हे खरं. भारतात ती बनवणारा कारखाना उभा राहिला तो थेट १९६० च्या दशकात, उटीला. पण बघणारा डोळा आणि हँडल फिरवणारा हात इथला होता, आणि स्वदेशीचा तो अर्थ त्या प्रेक्षकाला पुरेसा होता. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात पुण्यात परदेशी कापडाची होळी पेटली. तिथे कुणी हिरालाल असता तर, असं मला अनेकदा वाटतं. तिथल्या भाषणातला टिळकांचा आवाज तर गेलाच. त्या रात्रीच्या पुण्याचं चालतं-बोलतं रूपही आपल्याकडे नाही.

याच काळात धंद्याचं वारं फिरत होतं. मुंबईत जन्मलेले पारशी व्यावसायिक जमशेदजी फ्रामजी मादन यांनी १९०२ मध्ये कलकत्त्याच्या मैदानावर तंबू ठोकून एल्फिन्स्टन बायोस्कोपचे खेळ सुरू केले. १९०७ मध्ये त्यांनी एल्फिन्स्टन पिक्चर पॅलेस हे कायमचं चित्रपटगृह उभं केलं. मादन यांच्याकडे दारूच्या आणि इतर मालाच्या व्यापारातून आलेलं भांडवल होतं आणि परदेशी कंपन्यांशी संबंध होते. हिरालाल यांच्याकडे कॅमेरा होता. कायमचं चित्रपटगृह आलं की दर आठवड्याला नवा माल लागतो, आणि तो परदेशातून ढिगाने येत होता. स्वतः चित्रण करून, स्वतः धुऊन, वर्षाला दोन-तीन फिल्म काढणाऱ्या माणसाने या वेगाशी कशी बरोबरी करायची? मादन यांना मी दोष देत नाही. त्यांनीच पुढे १९१९ मध्ये ‘बिल्वमंगल’ काढला, बंगालचा पहिला पूर्ण लांबीचा कथापट. पण दाखवण्याची जागा ज्याच्या मालकीची, धंदा त्याचा, हा सिनेमाचा नियम तेव्हापासूनचा आहे, आणि हिरालाल त्याचे पहिले बळी.

शेवटचं मोठं काम झालं ते दिल्ली दरबाराचं. डिसेंबर १९११ मध्ये पंचम जॉर्ज आणि राणी मेरी आले. त्यांचं मुंबईतलं आगमन, दिल्लीचा दरबार, मग कलकत्त्याची भेट हे सगळं रॉयल बायोस्कोपने टिपलं. सहा वर्षांपूर्वी ज्या फाळणीविरुद्धची सभा हिरालाल यांनी चित्रित केली होती, ती फाळणी याच दरबारात रद्द झाली, आणि त्याच घोषणेत राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला गेली. दोन्ही टोकांना कॅमेऱ्यामागे हाच माणूस होता. अशी दोन रिळं एकामागे एक लावून बघायला मिळाली असती तर इतिहासाच्या विद्यार्थ्याला आणखी काय हवं होतं?

पुढचा भाग मी पटकन सांगतो, कारण तो लिहिताना हात जड होतो. भावाभावांत बिनसलं. १९१३ मध्ये, म्हणजे फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला त्याच वर्षी, रॉयल बायोस्कोपचं फिल्म काढणं थांबलं. पैशांची ओढाताण इतकी झाली, की कॅमेरे गहाण पडले आणि सुटले नाहीत. छायाचित्रकाराचा कॅमेरा गहाण पडणं म्हणजे शेतकऱ्याचे बैल विकले जाणं. त्यातच कर्करोगाने गाठलं. आणि १९१७ च्या ऑक्टोबरमध्ये, ते अखेरच्या आजारात असताना, फिल्मचा साठा ठेवलेल्या कोठाराला आग लागली. आयुष्यभराचं काम गेलं. त्यानंतर काही दिवसांतच ते वारले. वय पन्नाशीच्या आसपास.

ती आग विझवता आली असती का, असं मला व्याख्यानांत विचारतात. नाही. त्या काळची फिल्म नायट्रेटची, म्हणजे नायट्रोसेल्युलोजची. बंदुकीच्या धूररहित दारूशी तिचं सख्खं नातं. तिला जळायला बाहेरची हवा लागत नाही, तिच्या पोटातच ऑक्सिजन असतो. पाण्यात बुडवली तरी ती पाण्याखाली जळत राहते. आणि जळताना जो पिवळट-तपकिरी धूर निघतो तो छातीत गेला तर माणूस मरतो. शिवाय ती नुसती ठेवली तरी सडते. ताजी असताना तिला कापराचा मंद वास येतो. मग चित्र अंबरासारखं पिवळं पडतं, वेटोळी एकमेकांना चिकटतात, वर काकवीसारखा चिकट फेस येतो, आणि शेवटी डब्यात उरते तांबूस भुकटी. सडत आलेलं रीळ उन्हाळ्यात बंद खोलीत आपोआप पेट घेऊ शकतं. आपल्याकडच्या मे महिन्यातली पत्र्याच्या छपराखालची उष्णता त्याला पुरते. कलकत्त्याची हवा, वर्षानुवर्षं न उघडलेले डबे, देखभाल करायला पैसा नाही. आग लागायला याहून वेगळं कारण शोधायची गरज नाही.

आपणही याबाबतीत निश्चिंत नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात नायट्रेट रिळांच्या साठ्याला आग लागली आणि मूळ रिळांचा मोठा ठेवा राख झाला. ‘राजा हरिश्चंद्र’चीसुद्धा सगळी रिळं आपल्याकडे नाहीत. फाळक्यांचं जे काही आज बघता येतं, ते १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालं आणि पी. के. नायर यांच्यासारखा माणूस फाळके कुटुंबाच्या दारापर्यंत गेला म्हणून. ‘कालियामर्दन’मध्ये कृष्ण झालेली फाळक्यांची छोटी मुलगी मंदाकिनी आज आपल्याला दिसते ती त्यामुळे. हिरालाल यांच्यासाठी असा माणूस येण्याआधीच सगळं संपलं होतं. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं, नाव का ऐकलं नाही याचं, खरं उत्तर हे आहे. सिनेमाच्या वर्गात फाळक्यांचा तुकडा दाखवता येतो, मुलांच्या डोळ्यांत तो बसतो. सेन यांच्याबद्दल नुसतं बोलावं लागतं. वर्तमानपत्रातल्या जुन्या जाहिराती, नाट्यगृहांच्या नोंदी, नातलगांच्या आठवणी यांवरून त्यांचं आयुष्य जुळवावं लागलं आहे.

तरी वर मी ‘आज’ कुणाच्या हातात एक फूटही नाही, असं म्हटलं, त्यातला ‘आज’ मी मुद्दाम घातला. मादन यांचा ‘बिल्वमंगल’ही गेला असंच सगळे धरून चालले होते. त्याचा एक भाग पॅरिसच्या सिनेमाथेक या चित्रपट संग्रहालयात सापडला आणि २०१६ मध्ये पुण्याच्या संग्रहालयाकडे आला. रॉयल बायोस्कोपचे खेळ वाड्यावाड्यांतून झाले. एखाद्या फिरत्या खेळवाल्याकडे एखादी प्रत राहिली नसेल असं मी कसं म्हणू?

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे सांगलीकडचं एक कुटुंब पत्र्याचा डबा घेऊन आलं. पणजोबांचा तंबूचा सिनेमा होता, माळ्यावर सापडलं, असं म्हणाले. एसटीतून मांडीवर घेऊन आले होते, एप्रिलमध्ये. डबा बघताच मी त्यांना अंगणात थांबवलं आणि आधी पाणी दिलं. झाकण सावलीत उघडलं. बाहेरची वेटोळी भुकटी झाली होती, पण आतली साठेक फूट चांगली होती. भिंगाखाली चौकटी बघितल्या : यात्रेतली गर्दी, पालखी, आणि कॅमेऱ्याकडे बघून हसणारा फेटेवाला माणूस. कुणी घेतली, कधी घेतली, काही लिहिलेलं नव्हतं. पण ती आता जपली गेली आहे.

म्हणून हे वाचणाऱ्या प्रत्येकाला कळकळीची विनंती. तुमच्या गावच्या वाड्यात, माळ्यावर, बंद पडलेल्या थिएटरच्या यंत्रखोलीत जुना गोल डबा दिसला तर तो भंगारात देऊ नका. कुतूहल म्हणून प्रोजेक्टरवर चढवू नका, उन्हात किंवा स्वयंपाकघराजवळ ठेवू नका, त्याच्याजवळ विडी-काडी ओढू नका. उघडायचाच तर उघड्या हवेत, सावलीत उघडा. फिल्मच्या कडेला बारीक इंग्रजी अक्षरांत ‘सेफ्टी’ छापलेलं असेल तर ती पेट घेणारी नाही. ‘नायट्रेट’ असेल किंवा काहीच नसेल, आणि डबा साठ-सत्तर वर्षांहून जुना असेल, तर तो नायट्रेटच धरून चाला. झाकण सैल ठेवा, घट्ट बंद करू नका, म्हणजे आतला वायू कोंडणार नाही. डब्यावर, झाकणाच्या आतल्या बाजूला, कागदाच्या चिठ्ठीवर जे काही लिहिलं असेल, मग ते देवनागरी असो, मोडी असो की बंगाली, त्याचा मोबाइलवर फोटो काढा, आणि पुण्याच्या संग्रहालयाला कळवा. डबा टपालाने पाठवू नका. तो न्यायला माणूस येईल असं बघा.